पुण्याहून हायवेला लागण्याआधी: टायर फुटणं, हवा आणि टीपीएमएस (हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा) याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्सप्रेसवेवर टायर फुटून अपघात झाल्याची बातमी आली की पुढचे काही दिवस तेच तेच प्रश्न येत राहतात. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलं आहे. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. घाई असेल तर निदान प्रश्न ३, ४ आणि ७ वाचा.

१. पंक्चर होणं आणि टायर फुटणं यात फरक काय?

पंक्चरमध्ये हवा छोट्या भोकातून हळूहळू जाते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर तो स्वतःच भोक बऱ्यापैकी बुजवून धरतो, त्यामुळे कधी कधी दोन-दोन दिवस कळतही नाही. टायर फुटतो तेव्हा त्याचा आतला सांगाडा, म्हणजे रबरात गुंफलेले धागे आणि तारा, फाटतो आणि सगळी हवा क्षणात बाहेर पडते. पण दोन्हींचा संबंध आहे. लक्ष न दिलेलं पंक्चर हे टायर फुटण्याचं नेहमीचं कारण आहे.

२. एक्सप्रेसवेवर टायर जास्त फुटतात ते सिमेंटच्या रस्त्यामुळेच ना?

हा समज इतका पक्का बसला आहे की मूळ कारण बाजूलाच राहतं. सिमेंटचा रस्ता कडक असतो आणि त्यावर टायर जरा जास्त घासतो, हे खरं. पण धडधाकट, योग्य हवा भरलेला टायर निव्वळ सिमेंटमुळे फुटत नाही.

खरं कारण म्हणजे कमी हवा, त्यात जास्त वजन आणि सलग वेग. नेहमीच्या हॅचबॅकचं चाक ताशी १०० किलोमीटर वेगाला सेकंदाला साधारण चौदा वेळा फिरतं. प्रत्येक फेरीत टायरची कडेची भिंत रस्त्यावर दबते आणि पुन्हा सरळ होते. हवा कमी असेल तर ती जास्त दबते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की वाकते तिथे गरम होऊन शेवटी तुटते, तसंच त्या भिंतीचं होतं. उष्णता वाढते, रबर आणि धाग्यांची पकड सुटते आणि टायर फाटतो.

सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये हीच कमी हवा खपून जाते, कारण वेगच नसतो. उर्से टोलनाका सोडून गाडी सलग शंभरला लागली की टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. समृद्धी महामार्ग तर ७०१ किलोमीटरचा आहे आणि तिथे कारला सपाट भागात ताशी १२० ची मुभा आहे. तिथे जाताना हा मुद्दा दुप्पट लक्षात ठेवा.

३. माझ्या गाडीत हवा नक्की किती हवी? पंपावरचा मुलगा ३५ म्हणतो, टायरवर ४४ लिहिलंय.

दोन्ही सोडा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. खांबावर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर असतो, काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावरचा आकडा तुमच्या गाडीचा. बहुतेक स्टिकरवर दोन आकडे असतात: एक एक-दोन माणसांसाठी, दुसरा भरलेल्या गाडीसाठी. गणपतीला पाच माणसं आणि डिकी भरून कोकणात निघालात तर दुसरा आकडा घ्यायचा. हे फार थोडे लोक करतात.

टायरच्या भिंतीवरचा ४४ किंवा ५१ हा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तेवढी हवा भरा असा त्याचा अर्थ नाही.

इथले हवेचे सगळे आकडे पीएसआय या दाबाच्या एककात आहेत, पण स्टिकरवर कधी बार किंवा किलोपास्कल असतं. २.३ बार म्हणजेच २३० किलोपास्कल, म्हणजे साधारण ३३ पीएसआय.

४. हवा कधी तपासायची? पंपापर्यंत जाईपर्यंतच टायर गरम होतो.

टायर थंड असताना. गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा जेमतेम दोन-तीन किलोमीटर चाललेली असावी. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचाच असतो.

माझा आग्रह असा की स्वतःचं गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचं साधन, घ्या. पंपावरच्या मशीनचा भरवसा नसतो, पाइप रोज जमिनीवर आपटत असतात. सकाळी पार्किंगमध्ये गाडी हलवण्याआधी झाकण काढा आणि गेज व्हॉल्व्हवर सरळ दाबा. "फुस्स" असा आवाज येत राहिला तर ते तिरकं बसलंय; आवाज थांबला की आकडा वाचा. चार चाकं आणि स्टेपनी मिळून पाच मिनिटांचं काम आहे. समजा आकडा २९ आला आणि हवा ३३ पाहिजे, तर ४ कमी आहेत हे लक्षात ठेवा. पंपावर पोहोचल्यावर गरम टायर जो आकडा दाखवेल त्यात ४ वाढवून घ्या. अशाने टायर गरम असला तरी हिशेब चुकत नाही.

महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाआधी प्रत्येक वेळी. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपसूक कमी होते.

५. उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून थोडी कमी ठेवावी, असं ड्रायव्हर सांगतात. बरोबर आहे?

नाही, आणि हा सल्ला जिवावर बेतू शकतो. चालताना हवा चार-पाच पीएसआयने वाढते हे टायर बनवणाऱ्यांना माहीत असतं, ते गृहीत धरूनच स्टिकरवरचा आकडा ठरतो. कमी हवा म्हणजे जास्त दबणं, म्हणजे जास्त उष्णता (प्रश्न २). एप्रिलच्या दुपारी, सोलापूर रोडवर, हवा कमी ठेवून, गाडी भरून जाणं म्हणजे सगळी कारणं एकत्र आणणं. खालापूरला चहाला थांबून गरम टायरमधली हवा सोडणं ही त्याच समजुतीची पुढची पायरी. तसं करू नका.

६. नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही का?

आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असल्याने दाब थोडा स्थिर राहतो आणि जरा सावकाश कमी होतो, इतकाच फायदा. मिळत असेल तर भरा. पण "नायट्रोजन आहे, तपासायची गरज नाही" या भरवशावर राहू नका. आणि वाटेत हवा कमी वाटली तर नायट्रोजनवाला शोधत पुढे जाऊ नका, साधी हवा भरा. दोन्ही मिसळल्याने काहीही बिघडत नाही.

७. शंभरच्या वेगात टायर फुटलाच तर काय करायचं?

आधी काय जाणवतं ते सांगतो. मोठा आवाज येतो, मग फडफड. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग फुटलेल्या बाजूला जोरात ओढलं जातं. मागचा फुटला तर स्टिअरिंग जवळजवळ ठीक वाटतं, पण गाडीचा मागचा भाग डुलायला लागतो. दोन्ही वेळी करायचं तेच.

स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि गाडी आपल्याच लेनमध्ये सरळ ठेवा. ब्रेकवर पाय नको. ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, कारण पाय आपोआप तिकडे जातो. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे जातं, एका चाकाला पकड नसते आणि गाडी फिरते. ॲक्सिलरेटरवरचा पायही झटकन उचलू नका, हळूहळू सोडा. फुटलेला टायरच गाडीला मागे खेचत असतो, वेग आपोआप उतरतो. क्रूझ कंट्रोल चालू असेल तर बटणाने बंद करा, नाहीतर गाडी वेग टिकवायला धडपडत राहील.

वेग चाळीसच्या खाली आला, गाडी ताब्यात आहे असं वाटलं, की मग आरसा बघून, इंडिकेटर देऊन सावकाश डावीकडे घ्या आणि हलका ब्रेक लावा. टायर फुटल्यावर लगेच डावीकडे स्टिअरिंग मारल्याने उंच गाड्या उलटतात.

सुरुवातीचं सगळं तीन-चार सेकंदांत घडतं, विचार करायला वेळ मिळत नाही. म्हणून मनात आधीच घोकून ठेवा: स्टिअरिंग घट्ट, ब्रेक नाही. घरात आणखी कोणी गाडी चालवत असेल तर त्यांनाही सांगा. आणि मागच्या सीटवरच्यांनी बेल्ट लावलाच पाहिजे, कारण गाडी फिरली तर बेल्ट नसलेले मागचेही फेकले जातात.

८. गाडी थांबली. आता?

हॅझर्ड दिवे लावा. लेनमध्येच थांबायची वेळ आली तर रिमवर का होईना, गाडी रांगत कडेला न्या. रिम खराब झाला तर दुसरा मिळतो. सगळ्यांना डाव्या दाराने उतरवा आणि रेलिंगच्या पलीकडे उभं करा. मुलांना गाडीत बसवून ठेवू नका. इशाऱ्याचा लाल त्रिकोण गाडीच्या मागे निदान पन्नास मीटरवर ठेवा, वळण असेल तर वळणाच्या आधी.

उजव्या बाजूचं चाक एक्सप्रेसवेवर स्वतः बदलायला बसू नका. पाठीशी ट्रक जात असताना जॅक लावण्याइतकं कुठलंच काम तातडीचं नसतं. मदतीसाठी ११२ कुठूनही चालतो. पुणे–सातारा, पुणे–सोलापूर अशा राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ लावा. कोणाला लागलं असेल तर १०८.

९. टीपीएमएस म्हणजे काय? माझ्या गाडीत आकडे दिसत नाहीत, नुसता दिवा आहे.

टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावणारी यंत्रणा. कापलेल्या टायरसारखी खूण आणि आत उद्गारचिन्ह, असा तो दिवा असतो. तिचे दोन प्रकार आहेत.

पहिल्यात प्रत्येक चाकात छोटा सेन्सर आणि बॅटरी असते. तो खरा दाब मोजून रेडिओने कळवतो, म्हणून आकडे दिसतात. बॅटरी पाच ते दहा वर्षं टिकते आणि बहुधा सेन्सरसकटच बदलावी लागते.

दुसऱ्या प्रकारात दाब मोजतच नाहीत. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित घटतो आणि ते बाकीच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरतं. एबीएसचे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर हा फरक पकडतात. तुमची गाडी बहुधा याच प्रकारातली. यात दोन गोष्टी पाळाव्या लागतात. हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर सिस्टिम रीसेट करायची. आणि चारही टायरमधली हवा सारखीच कमी होत गेली तर ती गप्प बसते, हे ध्यानात ठेवायचं.

अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून सगळ्या नव्या कारना ही यंत्रणा सक्तीची झाली, युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून. आपल्याकडे ती मॉडेल आणि व्हेरिएंटप्रमाणे मिळते.

१०. दिवा लागला, उतरून बघितलं, चारही टायर ठीक दिसतात. चालवत राहू का?

डोळ्यांवर विसंबू नका. आताच्या टायरच्या भिंती कडक असतात. दहा पीएसआय कमी असले तरी नुसतं बघून कळत नाही. वेग कमी करा, जवळच्या पंपावर गेज लावा.

दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल, तर बहुतेक गाड्यांत तो यंत्रणेतल्याच बिघाडाचा इशारा असतो. लुकलुक न होता सरळ लागला तर हवा कमी.

११. डिसेंबरात सकाळी दिवा लागतो आणि हिंजवडीला पोहोचेपर्यंत जातो. सेन्सर बिघडलाय का?

बहुधा नाही. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो. पुण्यात थंडीत पहाटे दहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस-तीस, म्हणजे तीन पीएसआयचा फरक सहज पडतो. तुमची हवा दिवा लागण्याच्या सीमेवर आली आहे, इतकाच त्याचा अर्थ. पण ती सीमा किती खाली असते ते पाहा. साधारण २० ते २५ टक्के हवा कमी झाल्यावरच दिवा लागतो. म्हणजे ३३ ची गाडी २५-२६ वर आल्यावर. दिवा विझला म्हणून सोडून देऊ नका, सकाळी थंड टायरमध्ये हवा भरा.

१२. पुण्यात ३३ भरली, मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ३२ दिसते. गळती आहे का?

चारही चाकांत सारखाच फरक असेल तर गळती नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. गेज दाखवतं तो टायरमधल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक. मुंबईत बाहेरचा दाब जास्त, म्हणून आकडा जवळजवळ एक पीएसआयने कमी दिसतो. परत आल्यावर तो पुन्हा वाढतो. तापमानाचा फरक त्यात मिसळतो तो वेगळा (प्रश्न ११). एकाच चाकात फरक दिसला तर मात्र पंक्चरवाल्याकडे जा. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावायला सांगा, बऱ्याचदा बुडबुडे तिथूनच येतात.

१३. जुन्या गाडीला बाहेरून टीपीएमएस बसवावा का?

हो, विशेषतः आठवड्याला मुंबई करणाऱ्यांनी. व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे सेन्सर स्वस्त आणि सोपे, पण चोरीला जातात, आणि त्यांच्या वजनाने जुना रबरी व्हॉल्व्ह चिरतो. ते घ्यायचे असतील तर व्हॉल्व्ह आधी नवीन टाका. आत बसणारे सेन्सर जास्त भरवशाचे. टायर काढताना दुकानात दर वेळी सांगायचं की आत सेन्सर आहे, नाहीतर लिव्हर लागून तो मोडतो.

१४. टीपीएमएस असूनही दिवा न लागता टायर फुटला. असं कसं?

खड्ड्याची धार, लोखंडाचा तुकडा, ट्रकच्या टायरचा रस्त्यात पडलेला रबरी पट्टा यांनी भिंत फाटली तर इशारा द्यायला वेळच नसतो. जुनाट रबर किंवा आतून सुटलेले थर यंत्रणेला दिसत नाहीत. तिला फक्त हवा कळते, टायरची तब्येत कळत नाही. ती हातानेच तपासावी लागते (प्रश्न १५ आणि १६).

१५. टायरची नक्षी अजून छान आहे, गाडी कमी चालते. तरी बदलायचा का?

वय बघा. टायरच्या भिंतीवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ असेल तर तो २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, कधी कधी गाडीखाली वाकून पाहावं लागतं. रबर न वापरताही कडक होतं, उघड्यावर उभ्या गाडीचं आणखी लवकर. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या. सहा वर्षांपुढच्या टायरवर मी स्वतः एक्सप्रेसवेला जाणार नाही. दहा वर्षांपुढचा टायर कितीही चांगला दिसला तरी नको. स्टेपनीलाही हेच लागू.

नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिमी आहे. खाचांमध्ये मध्ये मध्ये उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पुण्याच्या पावसासाठी मात्र ३ मिमीलाच बदललेला बरा.

१६. खड्ड्यात आदळल्यावर टायरच्या कडेला फुगा आलाय. पंक्चरवाला म्हणतो काही होत नाही.

होतं. तिथले आतले धागे तुटले आहेत आणि हवेला आता फक्त रबर अडवून आहे. याला दुरुस्ती नाही. स्टेपनी लावा, टायर बदला. फुगा आतल्या बाजूलाही येतो आणि तो दिसत नाही. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि आतल्या भिंतीवरून तळहात फिरवा, उंचवटा हाताला लगेच कळतो.

१७. एकाच टायरला किती पंक्चर चालतात?

जागेवर अवलंबून आहे. भिंतीवर किंवा खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि भिंत जुळतात त्या कडेवर, एकही नाही. मधल्या भागात, लांब लांब असलेली छोटी भोकं चालतात. बाहेरून खुपसलेली स्ट्रिप ही वेळ मारून नेण्यापुरती. हायवेला जाणारी गाडी असेल तर टायर काढून आतून मशरूम पॅच (भोकात दांडी आणि आत टोपी असं ठिगळ) मारून घ्या. त्या निमित्ताने आतला भागही बघता येतो. कमी हवेवर चाललेला टायर आतून काळी भुकटी सोडतो. ती दिसली तर पंक्चर काढू नका, टायरच बदला.

१८. दोनच नवीन टायर घेतोय. पुढे लावू की मागे?

मागे. पुढचा टायर फुटणं जास्त धोक्याचं वाटतं म्हणून बहुतेक दुकानदार पुढे लावतात. पण ओल्या रस्त्यावर मागची पकड गेली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. पुढची पकड गेली तर ॲक्सिलरेटर सोडून बरंचसं सावरता येतं. अर्थात पुढे ठेवायचे जुने टायर फुटण्याजोगे असतील तर चारही बदला.

१९. नव्या गाडीत स्टेपनीच नाही. हे कायदेशीर आहे?

आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी सक्तीची नाही, असा नियम २०२० मध्ये आला. पण किट पंक्चरसाठी असतं, फुटलेल्या टायरवर ते निरुपयोगी. छोट्या स्टेपनीवर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळा.

२०. बोरघाट उतरताना टायरला काही वेगळा धोका?

सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेकची उष्णता रिममधून टायरपर्यंत जाते. जड गाड्यांत यानेही टायर फुटतात. खालच्या गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकू नका.

२१. टायर फुटून अपघात झाला तर विमा मिळतो का? ती दैवी आपत्ती नाही का?

नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत फक्त टायर फुटला तर काही मिळत नाही. गाडीचंही नुकसान झालं तर टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत मिळतं.

दैवी आपत्तीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेल्या कारचा मागचा टायर फुटला आणि एका प्रवाशाचा जीव गेला. टायर फुटणं ही दैवी आपत्ती आहे, हा विमा कंपनीचा बचाव न्यायालयाने फेटाळला आणि त्यामागे माणसाचा निष्काळजीपणा असतो असं म्हटलं. वेग, कमी किंवा जास्त हवा, सेकंडहँड टायर ही कारणंही नोंदवली. प्रवासाआधी टायर तपासणं ही चालकाची जबाबदारी आहे, असा याचा अर्थ.

२२. हे सगळं दुचाकीलाही लागू आहे का?

एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, पण जुन्या हायवेवर आणि ताम्हिणीत तुम्ही जाताच. हवा थंड असताना तपासणं, वय, भेगा हे सगळं लागू. तारांच्या चाकात ट्यूब असेल तर जास्त जपा, खिळ्याने ती एकदम बसते. मागचा टायर बसला तर पुढचा ब्रेक हलका वापरा, पुढचा बसला तर मागचा.

२३. अष्टविनायकाला टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घेतोय. गाडी आपली नाही, तिथे काय बघणार?

पैसे देताना सांगा की टायर बघूनच निघणार. निघायच्या दिवशी दहा मिनिटं आधी खाली उतरा आणि मोबाइलच्या टॉर्चने सगळ्या टायरचं वय, भेगा, फुगे बघा. मागे जोडचाकं असतील तर आतलं चाक आवर्जून, कारण दुर्लक्ष त्याच्याकडे होतं. "दादा, हवा कधी बघितली होती?" असं सरळ विचारा. चांगला ड्रायव्हर रागावत नाही, उलट तोच सांगतो. उत्तर गुळमुळीत आलं तर पहिला थांबा पेट्रोल पंपावर घ्यायला सांगा. टायर गुळगुळीत झालेले किंवा भेगाळलेले असतील तर दुसरी गाडी मागवा, निघायला दोन तास उशीर झाला तरी चालेल.